पत्राशिवाय आलेली

१३ जून १९९९, रविवार

एकवीस डोकी. त्यातली अठरा पांढरी. पाळकसाहेबांनी तरुणांसाठी कळकळीनं प्रार्थना केली — पण तरुण होते कुठे? सगळ्या लातूरभर होते, फक्त आमच्या चर्चमध्ये नव्हते! अख्ख्या मराठवाड्याची पोरं क्लाससाठी इथं येऊन राहिलीत. आमच्या गल्लीत तर घर तिथं कॉट आणि कॉट तिथं बारावीचा पोरगा. त्यात आपली ख्रिस्ती मुलं नसतील का? असणारच. आई निघताना ट्रंकेत बायबल घालते, वर फिजिक्सची पुस्तकं रचली जातात, आणि मग दोन वर्षं खालचं वर येत नाही.

उपासना संपल्यावर व्यंकटरावांना धरलं. आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी ते. वय सत्तर, टाइपरायटर स्वतःचा. म्हटलं, नांदेड, मुदखेड, देगलूर, उदगीर, सगळीकडच्या पाळकांना पत्रं टाका, तुमच्याकडची कोण कोण मुलं लातूरला आलीत ते विचारा. ते म्हणाले, शिरस्ता तसा नाही. मूल गाव सोडतं तेव्हा तिथला पाळक पत्र देतो, मुलानं ते इथं आणून द्यायचं, मग आपण त्याला मंडळीत घ्यायचं. आपण मागायचं नसतं.

शिरस्ता! पत्र वहीत दुमडून पडतं आणि पोरं रविवारी कपडे धुतात. मीच लिहिते म्हटलं.

१७ जून

चौदा पत्रं टाकली. हात भरून आला. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते तेव्हा केसपेपर लिहून एवढा दुखला नाही. त्यात सकाळ-संध्याकाळ अकरा मुलींचा स्वयंपाक. रिटायर झाल्यावर मेस काढली तेव्हा भाऊ म्हणाला, सालोमी, तुला स्वस्थ बसवत नाही. नाहीच बसवत.

४ जुलै, रविवार

पहिली आली! एस्तेर, नांदेडची. आईचं पत्र, पाळकांचं पत्र, दोन्ही हातात. क्लासची टेस्ट रविवारी सात ते नऊ असते, तिथून रिक्षानं थेट चर्च. केस विस्कटलेले, बोटांना शाई. दुसऱ्या ओळीत बसून तिनं खणखणीत आवाजात गायलं तेव्हा पुढच्या म्हाताऱ्या वळून बघत राहिल्या. मुदखेडचे दोन मुलगे पुढच्या रविवारी येतो म्हणालेत. बघू.

७ जुलै

मेसमध्ये नवीन मुलगी. ज्योत्स्ना सोनकांबळे, अहमदपूर. अकरावी सायन्स, डॉक्टर व्हायचंय. बारीक, अगदी काडी. मागच्या गल्लीत चौघींच्या खोलीत राहते.

ताट वाढलं — तिनं डोळे मिटले! मान खाली, ओठ किंचित हलले, मग पहिला घास. बाकीच्या मुली ताटावर तुटून पडलेल्या. आमची वांग्याची भाजी बघून एरवी कुणी देवाचे आभार मानत नाही.

संध्याकाळी मुद्दाम समोर उभी राहिले. पुन्हा तेच. आपल्या मंडळीत सोनकांबळ्यांची दोन घरं आहेत. तोंडाकडे बघून माणसाचं दुखणं ओळखण्यात माझी हयात गेली. हे नाही ओळखणार?

८ जुलै

तिला विचारलं नाही, सांगूनच टाकलं. रविवारी सव्वानऊला तयार राहा, मी घ्यायला येते. कुठं, म्हणाली. म्हटलं, चर्चला, आणखी कुठे! ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग, "हाव काकू."

लाजाळू आहे. घर सोडून आलेली मुलं अशीच असतात.

११ जुलै, रविवार

आली. पांढरा पंजाबी, वेणी घट्ट. माझ्या शेजारी बसली. गीताचा नंबर सापडेना तिला, मी काढून दिला. त्यांच्याकडे गीतांचं पुस्तक वेगळं असेल. तिसऱ्या कडव्याला चाल उचलली तिनं. आवाज गोड आहे.

नंतर अंगणात चहा. म्हाताऱ्यांनी गराडा घातला — कुठली, आई काय करते, भाऊ किती. वडील एसटीत कंडक्टर आहेत, अहमदपूर डेपोला. दोन बनपाव खाल्ले पोरीनं! मेसमध्ये अर्धी पोळी संपवताना जीव जातो तिचा.

परत येताना म्हणाली, "इथं कुणी मार्क विचारले न्हाईत काकू." मी हसले. ती हसली नाही.

१ ऑगस्ट, रविवार

आज प्रभुभोजन होतं. सगळे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे मेजाशी गेले, ज्योत्स्ना बाकावरच बसून राहिली. बरोबर आहे, दृढीकरण झालेलं नसणार, मंडळीसमोर उभं राहून विश्वास कबूल केल्याशिवाय मेजाशी जाता येत नाही. व्यंकटरावांचं लक्ष असतंच. तिचं पत्र कुठाय, म्हणाले. मी सांगितलं, गावात पाळक कायम नसला तर पत्र देणार कोण? कुणीतरी महिन्यातून एकदा येऊन जात असेल. पोर पत्र नाही म्हणून बाहेर उभी करायची का? चष्मा पुसत निघून गेले. माझ्यापुढे त्यांचं चालत नाही. मिस्टर असताना त्यांनाही हाच अनुभव होता.

मुलं आता सात झाली.

१२ ऑगस्ट

ज्योत्स्ना आज जेवण झाल्यावर भांडी विसळायला मागे आली. नको म्हटलं तरी ऐकेना. विसळता विसळता सांगून टाकलं तिनं — आल्यावर पहिल्या आठवड्यातच परत जायचं ठरवलं होतं. अप्पांना फोन करायला एसटीडी बूथवर दोनदा जाऊन उभी राहिली, दोनदा माघारी आली. सोनकांबळ्यांच्या घरातली सायन्सला गेलेली पहिली मुलगी. परत जाऊन तोंड कसं दाखवू? "मग तुम्ही घ्यायला आलात."

मी हात पुसले. भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

२२ ऑगस्ट, रविवार

नऊ मुलं. दोन बाक भरले. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं माझं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

पाणी आठव्या दिवशी आलं. सगळी पिंपं भरली.

१२ सप्टेंबर, रविवार

ज्योत्स्ना टेस्टमध्ये तिच्या बॅचला पहिली! दीड किलो वजनही वाढलंय, मी काट्यावर उभी केली होती. एस्तेर आणि ती आता जोडीनं येतात, मला घ्यायला जावं लागत नाही. डोळे मिटायचं बंद झालंय. ताट आलं की सरळ जेवते.

३० सप्टेंबर

सहा वर्षं झाली भूकंपाला. किल्लारीकडून ट्रक येत होते त्या दिवसांत तीन दिवस घरी आले नव्हते मी. पायात चप्पल होती की नाही तेही आठवत नाही.

मेसमध्ये विषय निघाला. ह्या मुली तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या. ज्योत्स्ना म्हणाली, आम्ही महिनाभर अंगणात झोपायचो, आणि अप्पांची गाडी जखमी आणायला लावली होती. सीटांखाली रक्त वाळलेलं, ते घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे तो माणूस आणि मी दवाखान्याच्या त्याच आवारात असणार. तोंड पाहिलं असेल एकमेकांचं. कोण लक्षात ठेवणार!

१० ऑक्टोबर, रविवार. नांदेड

वार्षिक सभा. चाळीस मंडळ्यांची माणसं. लातूरचा आकडा वाचला — नवीन तरुण : नऊ. एवढा कुणाचाच नाही. नांदेड शहराचासुद्धा नाही! अध्यक्ष म्हणाले, सालोमीबाईंनी पुढे येऊन सांगावं, मुलं शोधता कशी?

माईकची सवय नाही, पण बोलले. पत्राची वाट बघू नका म्हटलं. खानावळीत जा, एसटी स्टँडवर जा, हॉस्टेलच्या रेक्टरला भेटा. गावाहून आलेलं मूल स्वतःहून चर्च शोधत नाही, त्याला घ्यायला जावं लागतं. आणि मग ज्योत्स्नाची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. अहमदपूरची एक मुलगी, पत्र नाही, ओळख नाही, ताटावर डोळे मिटताना मी तिला ओळखलं. टाळ्या! बायका येऊन हात हातात घेत होत्या.

येताना एसटीत डोळा लागला नाही. लोह्याच्या पुढे रस्ता फार खराब आहे.

१४ नोव्हेंबर, रविवार

दृढीकरणाचा वर्ग सुरू होणार, नाताळच्या आधी विधी. व्यंकटरावांनी यादी केली. एस्तेर, मुदखेडचे दोघे, ज्योत्स्ना. प्रत्येकाच्या नावापुढे बाप्तिस्म्याची तारीख हवी. तिघांच्या आल्यात. ज्योत्स्नाची मी आणते म्हटलं. एवढी घाई काय आहे? पोरीची सहामाही आहे, पुढच्या वर्षी घेऊ तिला. ते म्हणाले, सालोमीबाई, एरवी तुम्हीच घाई करता.

२१ नोव्हेंबर, रविवार

व्यंकटरावांनी कार्ड टाकलं! अहमदपूर डेपोच्या पत्त्यावर, आनंदराज सोनकांबळे, कंडक्टर. टाइप करून, मंडळीचा शिक्का मारून. "आपली कन्या आमच्या मंडळीत नियमित येत असून तिच्या बाप्तिस्म्याची तारीख व ठिकाण कळवावे." कार्बन कॉपी दाखवली मला, अभिमानानं. कुणी सांगितलं होतं ह्यांना! बुधवारीच टाकलंय. कॉपी परत दिली आणि घरी आले. स्वयंपाकाला उशीर झाला, आमटी करपली.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

आनंदराज आले. दुपारी एक वाजता, अंगात खाकी, ड्यूटीवरून थेट. मुली जेवत होत्या. दारात उभे राहिले, चप्पल बाहेर काढली, म्हणाले, सालोमीबाई आपणच का? खिशातून व्यंकटरावांचं कार्ड काढलं.

ते बौद्ध आहेत. त्यांचे वडील छपन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. घरात कधी कुणाचा बाप्तिस्मा झालेला नाही.

बाकीच्या मुलींना ताटं घेऊन मागच्या खोलीत जायला सांगितलं. ज्योत्स्ना उभीच. वडिलांनी विचारलं, तू ह्यांना ख्रिश्चन हाय म्हणून सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मग ते डोळे मिटायचं निघालं. घास उतरत नव्हता म्हणे तिला. घरची आठवण यायची. डोळे मिटून मनाशी ठरवायची, पाच घास खायचे, मग उठायचं. ते मोजत होती ती. काकूंना वाटलं प्रार्थना. अख्ख्या लातुरात तिला घ्यायला येणारी मी एकटी होते, म्हणून आली. पुढे सांगू सांगू म्हणत राहून गेलं.

"काकूंना माहीत नव्हतं अप्पा," ती म्हणाली. "मीच लपवलं."

माझ्याकडे न बघता म्हणाली.

मला वाटलं होतं हा माणूस ओरडेल, धर्म बाटवता म्हणेल, चार लोक गोळा करील. त्यातलं काही केलं नाही. पाणी मागितलं, तांब्याभर प्याले. मग मुलीला नाही, मलाच म्हणाले, "चर्चात गेली त्याचं काही न्हाई बाई. चांगल्या माणसांत बसली. पण माझ्या बापानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यात खोटं बोलणार न्हाई ही एक हाय. इथं ही एकटी राहून ऱ्हायली ती निस्त्या आमच्या विश्वासावर. आता कसा ठेवू सांगा?"

अहमदपूरच्याच कॉलेजात घालणार तिला. आर्ट्सला. तिथं डोळ्यापुढं राहील. आजच घेऊन जातो, आणि पुढच्या शनिवारी सुटी आहे तेव्हा येऊन टीसी काढतो.

ज्योत्स्ना रडली नाही. ट्रंक आणायला गेली. आणि मग त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. पाच महिने तुमच्यासारख्या बाईला माझ्या पोरीनं फसवलं, माफ करा म्हणाले.

मी म्हणाले, असू द्या.

२७ नोव्हेंबर

अकरा ताटं.

२८ नोव्हेंबर, रविवार

सगळीकडे पसरलंय. उपासनेनंतर एकेक जण येऊन मला समजावत होतं. बिचाऱ्या सालोमीबाई, केवढी माया लावली आणि पोरीनं काय केलं! व्यंकटरावांनी यादीतलं नाव पट्टी धरून खोडलं, लाल शाईनं. तरी मी पहिल्या दिवसापासून पत्र मागत होतो म्हणाले. खरं आहे, मागत होते.

पाळकसाहेब एवढंच म्हणाले, मुलगी गात छान होती. तिची टेस्ट कशी गेली, असं विचारलं. सांगावं लागलं की टेस्ट नाही आता, आर्ट्सला जाणार. ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मी चहाचे कप गोळा करायला लागले.

३० नोव्हेंबर

एस्तेर जेवायला आली, जेवली नाही. ज्योत्स्नानं तिला पत्र टाकलंय. केमिस्ट्रीच्या वह्या तुला ठेव, मला लागणार नाहीत. आणि काकूंकडे लक्ष दे, त्यांचे गुडघे दुखतात.

एस्तेर म्हणाली, काकू, तुम्ही एकदा तिच्या अप्पांशी बोला ना. तुमचं ऐकतील. मी म्हटलं, त्यांच्या घरचा प्रश्न आहे. आपण कशाला मध्ये पडायचं?

मी! मध्ये पडायचं नाही म्हणाले!

२ डिसेंबर

गुडघ्यांना तेल लावलं. बायबल उघडून बसले, एक ओळ वाचवेना. परवा शनिवार, टीसीचा दिवस.

३ डिसेंबर, शुक्रवार, पहाटे

मला माहीत होतं.

ऑगस्टच्या मध्याला ज्योत्स्ना स्कॉलरशिपचा फॉर्म घेऊन आली होती, सोबत शाळेचा दाखला. "काकू, नीट वाचून बघा ना." दाखल्यावर बौद्ध लिहिलेलं होतं. तिनं त्यासाठीच पुढे ठेवला होता तो. मी वाचला, घडी घातली, तुझं अक्षर छान आहे म्हटलं, आणि रविवारी उशीर करू नको म्हणून बजावलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग "हाव" म्हणाली.

इथंही लिहिलं नाही मी हे. आठाचे नऊ करायचे होते मला. पोर जेवायला लागली होती, तेही खरं, पण नऊ करायचेच होते. आणि बापासमोर तिनं ते स्वतःवर घेतलं, मी घेऊ दिलं. त्यांचे जोडलेले हातही घेतले.

सातची अहमदपूर गाडी आहे. पोरगी खोटं बोलली नाही, मी बोलले, हे त्यांच्या दारात उभी राहून सांगणार आहे. दुपारच्या स्वयंपाकाचं एस्तेरला सांगून ठेवलंय.